मामांची मारुती आणि पाचनईचा चढ

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटले असतील तर इथे सापडतील.)

स्वतःची गाडी नाही, पण घरात कुणाची तरी जुनी गाडी उभी आहे आणि मित्र म्हणतायत, "चल ना, जाऊ!" ओळखीचं वाटतंय ना? मग आजचा भाग तुमच्यासाठी.

मी मामांची मारुती ८०० मागून घेतली. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनईला, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जायचं होतं. या गाडीचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, त्यामुळे सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता म्हातारीच. इंजिन ७९६ सीसीचं. त्यात आम्ही चौघं, तंबू, पाण्याचे कॅन.

निघताना मामा म्हणाले, "चढावर एसी बंद ठेव आणि काट्यावर लक्ष ठेव. अर्ध्याच्या वर गेला की थांबायचं." मी "हो हो" म्हटलं. लक्ष होतं प्लेलिस्ट लावण्यात.

मला वाटायचं, कच्च्या रस्त्यावर गाडीचा शत्रू म्हणजे खड्डा. खड्ड्यात टायर जातो, फार तर खालचं चेंबर आपटतं. तेही वाईटच. पण जुन्या गाडीचा खरा शत्रू आहे उष्णता. चढताना ती इंजिनात असते, उतरताना ब्रेकमध्ये.

आधी चढाचं बघू. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो. चढावर आपण पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडतो, म्हणजे इंजिनाला काम जास्त आणि वारा कमी. जुना रेडिएटर आतून गाळाने भरलेला असतो, त्यात मे महिना आणि एसी चालू. पाचनईच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली तेव्हा काटा कधीचा लाल पट्टीत होता.

माझा एक मित्र फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला गेला. मागून आलेल्या जीपवाल्या काकांनी तिथूनच आरडाओरड केली, "ओ, हात नका लावू! तोंड भाजेल!"

काका बरोबर होते. झाकण घट्ट असल्यामुळे आतलं पाणी दाबाखाली असतं आणि १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळतं पाणी अंगावर उडतं. म्हणून इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर पाणी भरून गॅरेजपर्यंत जाता येतं. तिथे मात्र गळती बघून कूलंटच भरून घ्यायचं.

आणखी एक युक्ती. काटा नुकताच वर सरकायला लागला असेल, तर एसी बंद, काचा खाली आणि हीटर फुल करा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. घाम येईल, पण सावलीची जागा मिळेपर्यंत गाडी वाचते.

आता उतार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही हद्द १४० च्या आसपास येते. घाटात सारखा ब्रेक दाबला तर ते उकळतं, पाइपमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली बसतं. म्हणून ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा आणि न्यूट्रल कधीच नको. दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदललं नसेल तर निघण्याआधी बदलून घ्या, खर्च आपला.

कागदांचंही बघा. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं. ते झालंय का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, हे मालकाला विचारा. इन्शुरन्स गाडीचा असतो, पण चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवंच. आणि क्लेम केला तर नो-क्लेम बोनस जातो मामांचा, आपला नाही.

परत आल्यावर मनात आलं, टाकी फुल करून चावी द्यावी आणि गप्प बसावं. गाडी तर नीट चालत होती. पण तापलेल्या इंजिनाचं हेड गॅस्केट कधीकधी नंतर जातं, आणि तेव्हा गाडीत मामी आणि आजी असल्या असत्या. म्हणून सगळं सांगितलं. मामा रागावले, मग म्हणाले, "चल गॅरेजला. पैसे तू देणार." दिले.

तर मंडळी, गाडी मागताना तिच्या खोडी विचारा, आणि परत देताना काय झालं ते खरं सांगा. तुमच्या घरच्या गाडीची खोडी काय आहे, व्हॉइस नोट पाठवून कळवा. भेटू पुढच्या भागात!