सफरचंदाचे झाड

चौतीस वर्षे बँकेच्या खिडकीआड बसून मी लोकांचे पैसे मोजले. त्यामुळे २०१९ साली निवृत्त झाल्यावर एखादे दुकान आपण सहज चालवू, असा माझा समज होता. पैसे मोजणे आणि पैसे मिळवणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे कळायला मला त्रेसष्टावे वर्ष उजाडावे लागले!

सासवडहून जेजुरीला जाताना रस्त्यालगत आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. वडिलांनी तिथे सीताफळ आणि अंजीर लावले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे. पण मानांकन मिळाले म्हणून अंजीर काही एक दिवस जास्त टिकत नाही. पहाटे तोडलेले फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी रडू लागते. बाजारात पाठवावे, तर गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर जो आकडा उरे, तो पाहून रडायची पाळी आमच्यावर येई.

मुलगा पुण्याला नोकरीत. तो म्हणाला, "बाबा, विकून टाका. प्लॉटवाले दारात उभे आहेत."

मी जवळजवळ तयार झालो होतो. पण सौ.ने पदर खोचला. "राज्य सरकारनं २०१६ सालीच फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली. मग आपलं फळ आपल्याच बांधावर विकायला कुणाची भीती? मला दोन वर्षं द्या. बागेचा खर्च बागेतून निघाला नाही, तर खुशाल सही करा."

झाले! २०२२ च्या दसऱ्याला पत्र्याच्या छपराखाली आमचे दुकान उघडले. मी हौसेने मोठी पाटी रंगवून घेतली : 'सर्व माल आमच्या शेतातला'. पहिल्या रविवारी जेजुरीला जाणाऱ्या गाड्यांची नुसती रांग होती. पुष्कळ मंडळी थांबली, सीताफळे दाबून दाबून पाहिली आणि एकमुखाने म्हणाली, "येताना घेतो हं!"

वाचकहो, 'येताना घेतो' या दोन शब्दांवर किती दुकाने बुडाली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. संध्याकाळी कपाळाला भंडारा लावलेली तीच मंडळी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने सुसाट निघून गेली. गाडी वळवून कोण येणार?

सौ. म्हणाली, "अहो, त्यांना आपलं दुकान आठवावं असं आपण काय केलं? नुसतं 'बरं' म्हटलंत."

पुढच्या रविवारी तिने एक युक्ती केली. कुणी 'येताना घेतो' म्हणाले, की आधी एक फळ फोडून हातावर ठेवायचे आणि मग विचारायचे, "नाव काय लिहू? टोपली बाजूला ठेवते." आगाऊ पैसे नाहीत, काही नाही, टोपलीवर फक्त नावाची चिठ्ठी. आपल्या नावाची टोपली वाट पाहते आहे म्हटल्यावर माणसाला गाडी वळवावीशी वाटते, हे मला कुठल्या बँकेने शिकवले नव्हते! सगळेच परतले असे नाही. पण निम्म्याहून अधिक परतले.

दुसरा धडा एका गिऱ्हाईक बाईंनी दिला. "मागच्या खेपेला डझनभर नेली. मंगळवारी सगळी एकदम पिकली. निम्मी टाकावी लागली," त्या जरा घुश्शातच म्हणाल्या.

मी आमच्या तात्यांकडे पाहिले. बाग वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याच हातात. ते शांतपणे म्हणाले, "सायेब, सीताफळ डोळ्यावर कळतंय. डोळं उघडून मधल्या खाचा पिवळट झाल्या की फळ तयार. कंचं आज हुईल, कंचं परवा, ते मी सांगतो की."

तेव्हापासून आमच्याकडे तीन हारे असतात : 'आज', 'उद्या' आणि 'परवा'. घरात माणसे किती, पाहुणे कधी येणार, हे विचारून तात्या प्रत्येक हाऱ्यातून फळे काढून देतात. सोबत एक कागद : 'कच्चे सीताफळ फ्रिजमध्ये ठेवू नये, साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही.' आता लोक आमचे दुकान 'आज-उद्या-परवावाले' म्हणूनच ओळखतात. पाटीवर मी कोरून घेतलेले नाव कुणाच्याही लक्षात नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती सांगताना अजून कान गरम होतात.

नोव्हेंबरात सीताफळ संपले. मिठा बहाराचे अंजीर यायला अवकाश होता. रिकामी फळी मला बघवेना. जानेवारीत मी गुपचूप पुण्याच्या बाजारातून संत्री आणि सफरचंदे आणून मांडली. सौ. म्हणाली, "हे बरं दिसत नाही." मी म्हणालो, "अगं, धंद्यात असं चालतं."

एका दुपारी एक कुटुंब थांबले. सहा-सात वर्षांच्या मुलाने एक सफरचंद उचलले, पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि डोळे मोठे करून मला म्हणाला, "आजोबा, सफरचंदाचं झाड दाखवा ना!"

त्याच्या हातातल्या फळावर परदेशी कंपनीची चिकटपट्टी चमकत होती. वडिलांनी ती पाहिली, पाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. एक शब्द बोलले नाहीत. फळ अलगद परत ठेवले आणि मुलाचा हात धरून निघून गेले. चौतीस वर्षांत माझ्या हिशेबात कधी एक रुपया कमी भरला नव्हता. त्या दिवशी मात्र मी खोटा ठरलो.

संध्याकाळी ती सगळी फळे गावच्या शाळेत पोचवली. फळ्या पुसल्या. दुकानावर खडूने लिहिले : 'झाडे विश्रांती घेत आहेत. अंजीर फाल्गुनात. फोन नंबर लिहून ठेवा, कळवू.' आणि एक वही टांगून ठेवली. वहीची पाने भरली. फाल्गुनात अंजीर आले ते वहीतल्या लोकांनीच नेले. रोज सकाळी फळ्यावर लिहू लागलो : आज काय तोडले, किती वाजता, आणि किती उरले. संपले की 'संपले'. गंमत अशी, की 'संपले' वाचून हळहळलेले गिऱ्हाईक पुढच्या रविवारी लवकर येते.

२०२४ च्या दसऱ्याला दोन वर्षांचा हिशेब मांडला. मशागत, खत, तात्यांची मजुरी, सगळे भागून थोडी रक्कम उरली. थोडीच, पण उरली. मुलाने वही दोनदा तपासली, आणि प्लॉटवाल्याचा फोन आला तेव्हा आपणहून सांगितले, "सध्या विचार नाही." आता तो रविवारी तराजूशी उभा राहतो.

त्याच महिन्यात ते कुटुंब पुन्हा आले. मी त्यांना ओळखले. त्यांनी मला ओळखले की नाही, कोण जाणे. मी मुलाला म्हणालो, "बाळ, सफरचंदाचं झाड आमच्याकडे नाही. तेव्हा मी चुकलो होतो. सीताफळाचं दाखवू?" तात्यांनी त्याला डोळा उघडलेले फळ ओळखायला शिकवले. त्याने स्वतःच्या हाताने एक तोडले आणि गाडीत बसेपर्यंत ते कुणाच्या हाती दिले नाही.

वडील पैसे देताना हळूच म्हणाले, "वहीत आमचाही नंबर लिहा."

गाडी गेल्यावर सौ. हसून म्हणाली, "आता उत्साहाच्या भरात सफरचंदाचं कलम लावायला निघू नका म्हणजे झालं!"