बंद यंत्रातली जिवंत वीज

हैदराबादच्या हिमायतनगरात बाजारपेठेच्या इमारतींखाली तळघर असते. तिथे त्याला ‘सेलर’ म्हणतात. अशा इमारतीत वीज-पॅनेलच्या दारावर कवटी आणि दोन हाडांची पाटी दिसते. तेलुगूत धोक्याला ‘प्रमादम्’ म्हणतात. मराठी माणूस तो शब्द ऐकून थबकतो, कारण आपल्याकडे प्रमाद म्हणजे चूक. विजेच्या कामात हे दोन अर्थ फार जवळ येतात, आणि तिथली सर्वांत जुनी चूक एकच: ‘मेन स्विच पाडला, आता वीज नाही.’

पॅनेलमध्ये पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी कपॅसिटर असतात. पुरवठा तोडला तरी ते विद्युतभार धरून ठेवतात. रेझिस्टरमधून तो ओसरायला काही मिनिटे जाऊ शकतात. नवल पुढेच आहे. मोठा कपॅसिटर टोके जोडून रिकामा केला आणि तसाच मोकळा ठेवला, तर काही वेळाने त्याच्या टोकांवर पुन्हा व्होल्टेज दिसते! आतल्या विद्युतरोधक थरात मुरलेला भार हळूहळू बाहेर येतो. म्हणून उच्च दाबाचा कपॅसिटर कपाटात ठेवतानाही त्याची टोके तारेने बांधलेली असतात.

यूपीएसच्या बॅटऱ्यांची तर वेगळीच गोष्ट. १२ व्होल्टची एक बॅटरी हाताला जाणवतही नाही. पण अशा ३२ एकापुढे एक जोडल्या की ३८४ व्होल्ट होतात, आणि बॅटरी ‘बंद’ करणारा स्विच जगात नाही. तारा काढल्या तरी टोके जिवंतच. त्यामुळे जाणता कारागीर आधी अंगठी आणि कडे उतरवतो, मगच इन्सुलेशन चढवलेला पाना उचलतो.

तिसरी वाट जनरेटरची. ११,००० व्होल्टचे ४३३ करणारा ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. चेंजओव्हर स्विच नसेल, तर सेलरमधल्या जनरेटरची वीज मागे जाऊन बाहेरच्या ‘बंद’ लाइनवर ११,००० व्होल्ट चढवू शकते, आणि तिथे खांबावर लाइनमन असतो.

शरीराला किती पुरते? हातातून साधारण १० ते १६ मिलिअँपिअर गेले की स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. ‘वीज धरून ठेवते’ ती अशी. शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. शिवाय इजा व्हायला स्पर्शाचीही गरज नाही. बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या धातूपट्ट्यांवर, पाना पडला की उठणाऱ्या आर्कचे तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते; सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा.

यावरचा उपाय साधा, पण क्रम मोडायचा नाही. आधी ‘लाइन क्लिअर’, म्हणजे लेखी परवानगी. मग स्विच पाडून त्याला कुलूप आणि नावाची चिठ्ठी. मग टेस्टर: आधी चालू तारेवर तपासायचा, मग कामाच्या तारेवर लावायचा, आणि पुन्हा चालू तारेवर, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो. शेवटी तिन्ही फेज एकमेकांना आणि अर्थिंगला जोडायचे. कुठूनही वीज परतली तरी जमिनीत जाईल.

आणि कुलपाची किल्ली? ती कार्यालयाच्या खिळ्यावर नाही, मालकाकडे नाही. ज्याचे हात पॅनेलमध्ये आहेत, त्याच्याच खिशात.