आरपीएमचा काटा का नाचतो?

जुन्या मोटरसायकलचे आरपीएम मीटर एकदम बंद पडत नाही. आधी काटा थरथरू लागतो, मग हेलकावे खातो, आणि एक दिवस शून्यावर गळून पडतो. माझ्या राजदूत ३५० चा काटा असा नाचू लागला तेव्हा गॅरेजमध्ये लगेच सल्ला मिळाला : "मीटर गेलं, नवीन टाका." मीटर चांगले होते, दोष केबलमध्ये निघाला. असा सल्ला मिळाला, तर खिशात हात घालण्यापूर्वी हे मीटर चालते कसे ते समजून घ्यावे.

१९८३ साली एस्कॉर्ट्‌सने आणलेली राजदूत ३५० म्हणजे यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. तिच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट नसतो, म्हणून आरपीएमच्या केबलला क्रँककेसमधल्या गिअरकडून गती मिळते. १९६०-७० च्या दशकांतल्या ट्रायम्फ, नॉर्टन यांसारख्या ब्रिटिश गाड्यांत ती कॅमशाफ्टकडून येते. केबलच्या आत पीळ दिलेली पोलादी तार फिरते आणि मीटरमधला लहानसा चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि काटा या वाटीच्या आसाला जोडलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा तोल जिथे साधतो, तिथे काटा थांबतो.

हे कळले की काटा कसा वागतो यावरून दोषाची जागा ओळखता येते.

काटा स्थिर आहे, पण आकडा कायम कमी दाखवतो : चुंबक क्षीण झालेला असू शकतो. कायम जास्त दाखवतो : स्प्रिंग सैल पडली असेल, किंवा मीटर दुसऱ्याच गाडीचे असेल. स्मिथ्स कंपनीची मीटर ३:१, ४:१ अशा वेगवेगळ्या गुणोत्तरांची येत. केबल इंजिनाच्या एक तृतीयांश वेगाने फिरत असेल आणि वर ४:१ चे मीटर बसवले असेल, तर ३,००० च्या जागी ४,००० दिसतात.

काटा लयीत मागेपुढे झुलतो, विशेषतः कमी वेगात : केबल अडखळते आहे. कोरडी तार आउटरमध्ये अडकते, स्प्रिंगसारखा पीळ साठवते आणि मग झटक्याने सुटते. हाच झटका काट्यावर दिसतो. नाचणाऱ्या काट्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

काटा ठरावीक आरपीएमलाच थरथरतो : मीटरखालचे रबर कडक झाले आहे. गाडी स्टँडवर लावून, इंजिन त्याच आरपीएमला ठेवून मीटर हाताने घट्ट धरा. थरथर कमी झाली, तर आधी रबर बदला.

काटा एकदम वर जाऊन तिथेच राहतो : मीटरमध्ये ग्रीस किंवा तेल शिरून चुंबक आणि वाटी चिकटली असण्याची शक्यता मोठी.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश गाड्यांवर क्रोनोमेट्रिक मीटर असे. त्यात घड्याळासारखी यंत्रणा असते आणि काटा टप्प्याटप्प्यानेच चढतो-उतरतो. तो दोष समजू नये.

आता हात घाला, पण केबलपासून. दोन्ही टोकांचे नट सोडवा आणि आतली तार ओढून काढा. तिची चौकोनी टोके पाहा. कोपरे गोल झाले असतील तर ती घसरणारच. तार सपाट लादीवर लोटा. उड्या मारत गेली तर ती वाकलेली आहे. मग दोन्ही टोके धरून तिला यू आकार द्या आणि एक टोक बोटांनी फिरवा. दुसरे टोक सारख्या गतीने फिरले पाहिजे. ते थांबून टुणकन उडत असेल, तर तार बदला.

तार चांगली असेल, तर रॉकेलने धुऊन कोरडी करा आणि हलक्या ग्रीसचा पातळ थर द्या. मीटरकडची वीतभर तार मात्र कोरडी ठेवा. पीळदार तार फिरताना स्क्रूसारखी ग्रीस वर चढवते आणि ते थेट मीटरमध्ये पोचते. बसवताना केबलला कुठेही तीव्र वळण देऊ नका. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, ते बघा.

तरीही काटा नाचत असेल, तर केबल मीटरला जोडलेलीच ठेवून इंजिनाकडचे टोक ड्रिल मशीनमध्ये धरा आणि हळू फिरवा. दिशा आधी तपासा. उलटी फिरवली तर काटा शून्याच्या खुंटीवर आदळतो. इथे काटा स्थिर राहिला तर मीटर आणि केबल दोन्ही ठीक. दोष इंजिनाकडच्या झिजलेल्या गिअरमध्ये आहे. काटा इथेही डगमगला आणि केबल वरच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली असेल, तरच मीटरकडे वळा.

पुढच्या काळातल्या इलेक्ट्रॉनिक मीटरला केबल नसते. ते इग्निशनचे ठोके मोजते. तिथे अर्थिंग, सैल कनेक्टर, घासलेले पॉइंट आणि प्लगची टोपी या क्रमाने तपासा.

मीटर स्वतः उघडू नका. त्याची कडा दाबून बंद केलेली असते, ती उचकटताना काच आणि डायल सहज खराब होतात, आणि मूळ डायल पुन्हा मिळत नाही. ते काम मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे. तुमचे काम त्याआधीचे : केबल, रबर, गिअर. हे तिन्ही तपासल्याशिवाय कोणी मीटर बदला म्हणाले, तर बदलू नका.