किनवटच्या वनात द्रव्यपरिचयाचा मुक्काम : पूर्वनियोजन

बाजारातून आलेली कुटजाची साल पांढऱ्या कुड्याची की काळ्या कुड्याची, हे आपल्यापैकी किती वैद्य वा औषधी-विक्रेते केवळ तुकडा पाहून खात्रीने सांगू शकतील? अतिसारात ज्या द्रव्यावर आपली सारी भिस्त, त्याचीच ही अवस्था! उभ्या झाडापाशी मात्र संशय फिटतो. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. पांढऱ्याचे बी कडू इंद्रजव, काळ्याचे गोड. या हेतूने दोन रात्रींच्या वनमुक्कामाची आखणी कशी करावी, ते आम्ही येथे मांडीत आहोत.

लातूर जिल्ह्यात वन नाममात्रच. म्हणून लातूरकर वैद्यबंधूंनी आदल्या सायंकाळी नांदेडास यावे. नांदेडहून मुदखेड, भोकर, हिमायतनगरमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच सहस्रकुंड व किनवट ही स्थानके आहेत. किनवट-माहूरचे वन शुष्क पानझडी प्रकारचे. साग, ऐन, धावडा, मोह, चारोळी, बेहडा, बिब्बा, पळस ही तेथील नेहमीची मंडळी. पावसाळ्यात वाटा निसरड्या, तर चैत्र-वैशाखात पाने गळालेली आणि वणव्याचे भय. कार्तिक-मार्गशीर्ष उत्तम, तेव्हा कुड्याला शेंगाही सापडतात.

रजेची तारीख ठरविण्याआधी परवानगीचा अर्ज करावा. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पसरले आहे. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो. परवान्याविना प्रवेश नाही आणि वनस्पती उपटणे हा गुन्हा आहे. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, 1927 अन्वये विस्तव पेटविण्यासही मनाई आहे. तेव्हा रात्रीचा तंबू वनात न ठोकता लगतच्या गावी, ग्रामस्थांच्या संमतीने ठोकावा. जैविक विविधता अधिनियमात 2023 साली झालेल्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना काही सवलत मिळाली, हे खरे. परंतु ती सवलत म्हणजे खुरपे घेऊन अभयारण्यात शिरण्याचा परवाना नव्हे. असा समज करून घेणारे व्यवसायबंधू आम्हांस भेटले आहेत.

वाटाड्या स्थानिकच असावा. वनस्पतींचे नाम व रूप मेंढपाळ, गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच सांगितले आहे. किनवट भागात गोंड, कोलाम, आंध समाजाची वस्ती आहे. त्यांच्यातील जाणत्या वृद्धास सन्मानाने बोलवावे, दिवसाची मजुरी आधी ठरवावी आणि त्यांच्या बोलीतील नावे जशीच्या तशी टिपून घ्यावीत. वनहक्क कायदा, 2006 नुसार गौण वनोपजावर त्यांचा हक्क आहे. औषधी-विक्रेत्यांनी ग्रामसभेकडून थेट खरेदीची चौकशी येथेच करावी. दलालाच्या मालापेक्षा तो निदान कोठून आला, हे तरी कळेल.

आता सावधगिरी. बिब्ब्याच्या झाडाखाली बसू नये. त्याची काटकी गावातल्या चुलीतही जाऊ देऊ नये, धुरानेही अंग उठते. शोधनाविना भल्लातक हाताळणाऱ्यांना हे सांगणे नलगे, पण सोबत येणाऱ्या नवख्यांना सांगावे. सहस्रकुंडापाशी पात्रातील खडकांवर उतरू नये; वरच्या अंगाला इसापूर धरण आहे आणि विसर्ग झाला की पाणी चढते. सर्पदंश झाल्यास अगदतंत्रातील पाठांतर बाजूला ठेवावे. दंशस्थान कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णास चालू न देता प्रतिविष उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात तत्काळ न्यावे. कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी आणि एक वाहन अहोरात्र हाताशी ठेवावे. वनात भ्रमणध्वनी लागेलच असे नाही.

वनातून काहीच आणायचे नाही. तेव्हा प्रत्येक झाडाचे पान, साल, फळ व संपूर्ण वृक्ष अशी चार छायाचित्रे घ्यावीत. औषधी-विक्रेत्यांनी मात्र आपल्या साठ्यातील कुटजसालीच्या लहान पुड्या, घाऊक व्यापाऱ्याचे नाव व खरेदीची तारीख लिहून, सोबत आणाव्यात. झाडाच्या सालीशी तेथेच ताडून पाहता येतील. या पुड्यांचा उल्लेख परवानगीच्या अर्जात अवश्य करावा, म्हणजे परतताना वननाक्यावर खुलासे देत बसावे लागणार नाही.