कानाला न कळणारी काटछाट

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, तोही डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांसाठी. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. १९८०च्या दशकात टेलिफोनच्या तारेतून एवढा ऐवज जाणार कसा? उत्तर सापडलं कानाच्या मर्यादेत. ढोल-ताशा चालू असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. तसाच मोठा स्वर जवळच्या कंप्रतेचा बारीक स्वर झाकून टाकतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी अशा झाकल्या जाणाऱ्या भागावरचा बिटांचा खर्च वाचवला. गाणं अकरा पटींनी आटलं. हेच एमपीथ्री. (चाचणीला घेतलं होतं गायिका सुझान वेगाचं ‘टॉम्स डायनर’. वाद्यांविना एकटा गळा, दोष लपायला जागाच नाही!)

पुढचं भराभर घडलं. १९९९मध्ये नॅप्स्टर या इंटरनेट सेवेवर गाण्यांची फुकट देवाणघेवाण, २००३मध्ये अ‍ॅपलच्या ऑनलाइन दुकानात ९९ सेंटला सुटं गाणं. आता बरेच जण गाणी विकत घेतच नाहीत, ती ऐकवणाऱ्या सेवेला महिन्याचं भाडं भरतात. अशा बहुतेक सेवा हक्कधारकांचा वाटा एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. तुम्ही महिनाभर फक्त किशोरीताई आमोणकर ऐकल्यात, तरी तुमच्या पैशांतला बराचसा भाग तुम्ही कधीच न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जातो. मला हा हिशेब अन्यायाचा वाटतो. आवडत्या गायकापर्यंत पैसे पोचावेत असं वाटत असेल, तर त्याच्या मैफलीचं तिकीट काढा.