दोन विमानकंपन्या एक होतात तेव्हां

दोन पेढ्या एक झाल्या कीं पाटी बदलते, वह्या एका कपाटांत येतात आणि व्यवहार पूर्ववत् चालूं लागतो, अशी आपली समजूत असते. विमानकंपन्यांचें तसें नसतें. त्यांना उड्डाणें एक दिवसहि थांबवितां येत नाहींत. घरांत बिऱ्हाड ठेवूनच भिंती पाडावयाच्या असतात.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजीं ‘विस्तारा’ ही कंपनी ‘एअर इंडिया’त विलीन झाली. टाटा व सिंगापूर एअरलाइन्स यांच्या भागीदारीची ही कंपनी जानेवारी २०१५ पासून विमानें चालवीत होती. विमानें चालविण्याचा परवाना त्या त्या कंपनीच्या नांवें असतो. म्हणून विस्ताराचीं विमानें एअर इंडियाच्या परवान्यावर घ्यावीं लागलीं. त्या तारखेपासूनच्या प्रवासाचीं तिकिटें ३ सप्टेंबरपासूनच एअर इंडियाच्या नांवें विकलीं जात होतीं. उड्डाणांच्या क्रमांकांसाठीं युक्ति सोपी होती. जुन्या क्रमांकापूर्वीं २ चा आंकडा घातला. ९५५ चें २९५५ झालें. शाळेंत दोन तुकड्या एकत्र केल्या कीं आम्ही हजेरीपट असाच नव्यानें लिहीत असूं.

आंकडे मुकाट्यानें बदलतात, माणसें बदलत नाहींत. वैमानिकाची बढती केव्हां व्हावी, त्यास कोणतें विमान मिळावें, हें पुष्कळसें ज्येष्ठतेच्या यादीवर अवलंबून असतें. अशा दोन याद्यांची एक यादी कशी करावी? केवळ रुजू झाल्याच्या तारखेवर केली, तर नव्या कंपनींत लवकर कप्तान झालेला मनुष्य जुनीतील सहवैमानिकाच्या खालीं जातो. तारीख सोडावी, तर जुनीतील मंडळी वीस वर्षांच्या सेवेचा हिशेब मागतात. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें, आणि तंटा चिघळतो तो त्यामुळेंच.

२००७ सालीं एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक केल्या गेल्या. एकीचें मुख्य ठाणें मुंबईस, दुसरीचें दिल्लीस. एकीकडे मुख्यतः बोईंग, दुसरीकडे एअरबस. पगार मात्र वेगळेच राहिले. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या वैमानिकांनीं समान वेतनासाठीं संप केला. त्या वर्षीं न्यायमूर्ति धर्माधिकारी यांची समिति नेमली गेली. तरी २०१२ सालीं दुसऱ्या बाजूचे वैमानिक जवळजवळ दोन महिने कामावर आले नाहींत. तंट्याचें कारण काय, तर नव्या बोईंग ७८७ विमानाचें शिक्षण कोणीं घ्यावें!

विस्ताराच्या वैमानिकांनींहि नव्या वेतनपद्धतीविरुद्ध कुरकूर केलीच, आणि एप्रिल २०२४ मध्यें बरींच उड्डाणें रद्द झालीं. परंतु हें विलीनीकरणाच्या सात महिने आधीं घडलें. माझ्या मतें तें कंपनीचें सुदैव. २००७ च्या कंपनीस हा तंटा एका छपराखालीं आल्यावर भोगावा लागला.