परसातली पानं, वहीतली पानं

मुलांनो, परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर एक स्टेशन लागतं. पिवळ्या पाटीवर नाव असतं 'घाटनांदूर'. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव. हा सगळा मुलूख बालाघाटच्या डोंगररांगांचा. उन्हाळा कडक आणि पाऊस बेताचा! तुम्हाला वाटेल, इथे कसली आलीय हिरवाई? पण या भागातल्या एखाद्या घराच्या परसात डोकावून पाहा. सांडपाण्यावर वाढलेला गवती चहा, दारातली तुळस, कुंडीतला पानओवा, कुंपणाला अडुळसा, अंगणावर सावली धरणारा कडुनिंब... आणि स्वयंपाकघरात फडताळावर हळद, ओवा, जिरं, लवंग. एका घरात केवढं मोठं वासांचं दुकान!

आता एक साधा प्रश्न. या पानांना वास येतो तरी कशामुळे?

पळता येत नाही, म्हणून...

झाडाला पाय नसतात. किडा आला, शेळी आली, बुरशी आली, तरी जागच्या जागी उभं राहायचं! मग झाड स्वतःचा बचाव करणार कसा? त्याची एक युक्ती म्हणजे वास आणि चव. पुष्कळ झाडांच्या पानांत, बियांत किंवा सालीत बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांत हवेत चटकन उडून जाणारं तेल भरलेलं असतं. तुळशीचं पान बोटांत चुरडलं की या पिशव्या फुटतात आणि वास दरवळतो. आपल्याला तो आवडतो, पण बऱ्याच किड्यांना अजिबात आवडत नाही. अडुळशाची पानं तर इतकी कडू की शेळीसुद्धा त्यांना सहसा तोंड लावत नाही. म्हणून तर त्याचं कुंपण करतात!

गंमत म्हणजे, झाडानं स्वतःसाठी बनवलेला हा माल माणसानं तीन कामांना लावला. चवीला, औषधाला आणि सुवासाला.

ओव्याचंच पाहा ना. भज्यांच्या पिठात ओवा पडला की चव येते. पोट दुखायला लागलं की आजी चिमूटभर ओवा चावायला देते. ओव्याच्या तेलातला मुख्य पदार्थ म्हणजे थायमॉल. तोच थायमॉल चूळ भरायच्या काही औषधांतही असतो. पानओव्याच्या जाड, लुसलुशीत पानांना तसाच वास येतो. पण तो ओव्याचा सख्खा भाऊ नाही बरं का! ओवा कोथिंबिरीच्या घराण्यातला, तर पानओवा तुळशीच्या. याउलट, फालुद्यातला सब्जा हा मात्र तुळशीचा खरोखरचा चुलतभाऊ.

अडुळशाची गोष्ट तर आणखी ऐकण्यासारखी आहे. खोकल्यावर अडुळशाचा रस देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. शास्त्रज्ञांनी अडुळशातून 'व्हॅसिसीन' नावाचं द्रव्य वेगळं काढलं. त्याच्यावरून पुढे 'ब्रोमहेक्सीन' हे औषध तयार झालं. छातीतला चिकट कफ पातळ करणाऱ्या कितीतरी खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवर हे नाव छापलेलं असतं. म्हणजे कुंपणाचं झाड थेट औषधाच्या दुकानात जाऊन पोचलं!

हिमालयातला पाहुणा

काष्ठौषधींच्या दुकानात कधी कधी काळपट जांभळ्या, वाटाण्याएवढ्या वाळलेल्या गोळ्या मिळतात. त्यांना म्हणतात हाऊबेर. आयुर्वेदातलं नाव हपुषा आणि इंग्रजी नाव ज्युनिपर. याचं झाड घाटनांदूरला दिसायचं नाही. ते हिमालयासारख्या थंड डोंगरांतलं. ही गोळी फळासारखी दिसते, पण खरं तर ती देवदार-चीडच्या झाडांना येतो तसा शंकूच आहे. फक्त त्याचे खवले मांसल होऊन एकमेकांना चिकटलेले असतात.

त्याचेही तेच तीन उपयोग. लडाखमध्ये ज्युनिपरच्या वाळलेल्या डहाळ्या धुपासारख्या जाळतात. युरोपात स्वयंपाकी याच्या गोळ्या ठेचून मांसात आणि आंबवलेल्या कोबीत घालतात. आणि औषध म्हणून तर पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे वापर झाला.

पण इथेच एक धडाही आहे. युरोपात प्लेगच्या साथी येत, तेव्हा लोक हवा शुद्ध करायला ज्युनिपरचा धूर करत. वास छान यायचा, पण प्लेग काही थांबायचा नाही. कारण प्लेग पसरत होता तो मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे! म्हणजे सुवास आला, जुनी रीत आहे, एवढ्यावरून औषध लागू पडतंच असं नाही. शिवाय ज्युनिपरची एक जात चक्क विषारी आहे.

सीताफळाची बी काय सांगते?

अगदी घरचं उदाहरण घ्या. बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळं भरपूर. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गर किती गोड, सांगायलाच नको! पण त्याच्या बियांची पूड किड्यांना मारते. त्यामुळे काही घरांत ती डोक्यातल्या उवांवर लावतात. ही पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला जबर इजा होते. एकाच फळाचा गर खाऊ आणि बी विष!

तेव्हा दोस्तांनो, ओळख पटल्याशिवाय कुठलंही पान तोंडात घालायचं नाही. धोतऱ्याला तर हातही लावायचा नाही. काढा मोठ्यांना विचारल्याशिवाय प्यायचा नाही. आणि साप चावला तर पाला लावत वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते उगाच नाही.

हळदीची लढाई

मग आजीबाईच्या बटव्यातलं ज्ञान सोडून द्यायचं का? छे, मुळीच नाही! त्यासाठी ही खरीखुरी लढाई ऐका.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळालं. कशाचं? तर जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं! पेटंट म्हणजे 'हा शोध आमचा, आमच्या परवानगीशिवाय दुसऱ्यानं तो वापरायचा नाही' असा सरकारी हक्क. आता बोला! गुडघा फुटला की हळद दाबणारी आजी आपल्या घरोघरी आहे, आणि शोध म्हणे नवा!

त्या वेळी आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावात जन्मलेला हा मराठी माणूस. परिषदेनं १९९६ साली त्या पेटंटाला आव्हान दिलं. पण 'आमची आजी असं करते' हे सांगून तिथे भागत नाही. छापील पुरावा लागतो. परिषदेनं ३२ पुरावे गोळा केले. काही जुने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ, तर एक १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेख. आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं!

कुणाच्या तरी आजीचं म्हणणं कुणीतरी कधीतरी कागदावर उतरवलं होतं, म्हणून आपण जिंकलो. पुढे २००१ साली आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांतल्या माहितीचा मोठा संगणकीय संग्रह करायला सुरुवात झाली. पेटंट तपासणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना ती वाचता यावी, म्हणून पाच परदेशी भाषांत तिची मांडणी केली.

पण तुमच्या घरातलं काय? ते कुठल्या ग्रंथात लिहिलंय?

करून पाहा

१. एक वही घ्या. रोज एक झाड. त्याला तुमच्या गावात काय म्हणतात, ते लिहा. पान दाबून, वाळवून चिकटवा.

२. आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारा. याचं खायला काय करतात? औषधाला काय? वासासाठी काय? जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. तारीखही टाका.

३. समोर एक रकाना मोकळा ठेवा. 'तपासलं का?' शिक्षकांना, डॉक्टरांना, वैद्यांना विचारून तो भरा. चूक निघाली तर तीही लिहा.

४. आणि ही एक जादू. टिपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. त्यावर साबणाचं पाणी सोडा, डाग लालभडक होईल! वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, ते आता कळलं ना?

आईबाबांनो, तुम्हीही या वहीला हातभार लावा. मुलांच्या आजीला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं तरी तुम्हाला आठवतं का, ते जरा पडताळून पाहा.

परसातली पानं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. आजीच्या आठवणीतली पानं मात्र एकदा गळली की पुन्हा फुटत नाहीत. तेव्हा येत्या रविवारी वही घेऊन तिच्याशेजारी बसाच!